हलगीचा मान

परशरामनं अर्धा चहा तसाच ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि विहाराच्या पायऱ्या उतरून तो निघून गेला. सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. सतरंजीवर बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी त्याला शिवी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. मी एवढंच म्हणालो होतो, "मान आसंल तर तूच घे की रं. हलगी तुझ्या घरात ने, तुझ्या बापाच्या गळ्यात अडकव." त्यावर तो म्हणाला, "भीमसेन, मी तुमच्याकडनं हाय रं." मी म्हणालो, "मग हिकडं येऊन बस की. तिकडनं कशाला बोलतोस?" बस्स, संपलं. त्याचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर ज्यानं त्यानं मला सांगितलं की तुला आतून वाईट वाटलं असेल. मला आतून काहीही वाईट वाटलं नाही. चपला घालताना त्याचा एक अंगठा दोनदा पट्ट्यात शिरेना, तेही मी नीट पाहून घेतलं. मग कृष्णातनं माझ्या पाठीवर थाप मारली, "बरा हाणलास!" आणि मला त्याचाही तितकाच राग आला, कारण परशराम बोलत होता तोवर हाच कृष्णात मान डोलावत होता. शेवटी म्हातारे आण्णाप्पा खोकले आणि म्हणाले, "माणूस आपला हुता. आता गावात आपल्या वतीनं कोण बोलणार?" सतरंजीवर तो अर्धा चहा राहिला होता. तो कुणी उचलेना.

गोष्ट आमच्या गावच्या लक्ष्मीच्या जत्रेची होती. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या पलीकडं आमचं गाव, तिथं बारा वर्षांनी देवीची जत्रा भरते. देवी रथात बसते, पण रथ हलायच्या आधी हलगीवर पहिली थाप पडावी लागते, आणि ती थाप द्यायची ती आमच्या घरानं, दुसऱ्या कुणी नाही. पणजोबा, आजोबा, मग माझे वडील मायाप्पा. मी कळता झालो त्याच्या आधीच आमच्या वाड्यानं धर्म बदलला, देव्हारे काढून टाकले, गावकीची कामं सोडली. तरी एकाहत्तरच्या जत्रेत वडलांनी हलगी घेतलीच. पंच घरी आले होते, आणि पंच घरी आले की वडलांच्या गुडघ्यांना आपोआप काहीतरी व्हायचं. त्या दिवशी मी त्यांच्या मागं मागं होतो. त्यांनी गवताच्या जाळावर हलगी शेकली, कान लावून बघितली, आणि पहिली थाप दिली तेव्हा अख्खं गाव गप्प झालं. खोटं कशाला बोलू, तेवढ्या क्षणी मला अभिमान वाटला. मग रथ गेला. माणसं रथाबरोबर गेली, जेवणावळी उठल्या, आणि वडील चिंचेखाली धोतराचा सोगा पसरून बसले. पाटलाच्या घरचा कुणीतरी आला आणि बुट्टीतली पोळी त्यानं वरून सोडली. ती सोग्यात न पडता मातीत पडली. वडलांनी उचलली, फुंकर मारली आणि मला अर्धी दिली. परशराम विहारात येऊन "हा तुमचा मान हाय, तुमच्याबिगर देवी जाग्यावरनं हलत न्हाय" असं म्हणाला, तेव्हा माझ्या दातांत ती माती करकरली. तो पुढं म्हणत होता की मी पंचांशी बोललोय, या खेपेला नवं धोतर देतील, जेवण ताटात वाढतील. ताटात! एवढं त्यानं मिळवून आणलं होतं आणि त्याच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं.

आता तो वाईट माणूस नव्हता म्हणून सगळे मला बजावतात. मला ठाऊक आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं. बेळगावात शाळेला आम्ही एका सायकलवर आलो, तो पुढं, मी मागं, चढाला उलट. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिवशी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून निघणाऱ्या मोर्चात, आम्ही शेजारी शेजारी चालायचो. एकदा लाठी माझ्यावर येत होती ती त्यानं दंडावर घेतली, आणि दवाखान्यात पट्टी बांधून घेताना म्हणाला, "आपुन मराठी, भीमसेन. बाकी सगळं झूट." मीही तेव्हा व्हय म्हणालो. बेळगावात तसं वाटायचं. मग संध्याकाळच्या बसनं आम्ही गावात उतरायचो, तो वरच्या आळीला जायचा आणि मी ओढ्याकडं खाली. तिथं सगळं झूट परत खरं व्हायचं. तो आमच्या घरी जेवायचा. आईच्या हातची आंबाड्याची भाजी मागून घ्यायचा आणि पुढं भाषणात सांगायचा, "मी भीमसेनच्या घरात जेवतो." टाळ्या पडायच्या. मीसुद्धा त्याच्या घरी जेवलोय, पण त्यावर कुणी भाषण केलं नाही. त्याच्या घरी मला सोप्यात वाढायचे, आणि तोही ताट घेऊन माझ्याजवळ सोप्यात येऊन बसायचा. आपण मित्रासाठी आपल्याच घरात बाहेर बसतो याचं त्याला कौतुक होतं. त्यांचं माजघर कसं आहे, चूल कुठल्या भिंतीला आहे, मला अजून माहीत नाही. त्याला आमच्या घरातलं मिठाचं मडकंसुद्धा माहीत होतं. आमचं घर एका खोलीचं, म्हणून नव्हे.

बेळगावात अनगोळच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत त्या रात्री जया माझ्याशी भांडली. माझी बायको शाळेत शिकवते, तिला वाक्य पुरं केल्याशिवाय राहवत नाही. "तुम्ही बोलला त्यातलं काय बी खोटं न्हवतं," ती म्हणाली, "पर चारचौघांत कशाला? एकट्याला बाजूला घिऊन बोलायचं हुतं."

"त्यो मान मान चारचौघांतच म्हणत हुता न्हवं?"

"अवो, त्यो आपल्याकडनं आलता."

"आलता म्हणून काय त्याची आरती करू?"

"आरती नगा करू. पर दार तरी उघडं ठेवा. एक चांगलं माणूस हुतं, त्यालाच फटका दिला. ज्यांच्या तोंडावर मारायला पायजे ते पाटील मारुतीराव तिकडं तंगड्या पसरून बसल्यात. त्यांना काय बोलला तुम्ही?"

मी ताट सरकवलं. हे नेहमीचंच. जो जवळ येतो त्याच्यावरच ओरडता येतं, लांबच्या माणसाला आवाज पोचतच नाही. पण मग जवळच्यानं ऐकायचं नाही तर कुणी ऐकायचं? आणि जो एका वाक्यात मोडतो तो बाजूनं होता म्हणजे कशाच्या बाजूनं होता? आमच्या की आमच्या बाजूनं असण्याच्या? मी गोड बोललो तरच तो माझा मित्र राहणार असेल, तर ती मैत्री नव्हे, तीही एक गावकीच झाली. पूर्वी हलगी वाजवायची, आता त्याचं मन सांभाळायचं. हे मी जयाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हे सगळं बराबर हाय. पर सासूबाई गावात एकट्या हाईत."

तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. आई, कोंडाबाई, गाव सोडायला तयार नव्हती. बेळगावात आली की तिला दोन दिवसांत घराची आठवण यायची आणि ती पिशवी भरायला घ्यायची. जत्रा जवळ आली आणि आमच्याकडून होकार जाईना, तेव्हा पंचांनी काही ठरवलं असं कुणी म्हणालं नाही. फक्त आई ज्वारी घेऊन चक्कीवर गेली तर चक्कीवाला म्हणाला, "पट्टा तुटलाय." तिच्या मागून आलेल्या बाईचं दळण मात्र झालं. शेतात भांगलायला बोलावणारी माणसं दारावरून मान वळवून जाऊ लागली. आई डोक्यावर बुट्टी घेऊन रानातून येळ्ळूरपर्यंत दळायला गेली. हे मला तिनं सांगितलं नाही, वाड्यातल्या तानीबाईनं मी नोकरीला आहे त्या तार ऑफिसात येऊन सांगितलं. मी त्या वेळी कुणाला तरी मुलगा झाल्याची तार पाठवत होतो. बोटं कळ दाबत राहिली, कड कट्ट कड, आणि डोक्यात फक्त आईची मान होती, बुट्टीखालची. पूर्वी असं काही झालं असतं तर परशराम पंचांच्या बैठकीत जाऊन तावातावानं बोलला असता. त्याचा बाप तिथं पाटलाच्या शेजारी बसतो, त्याला कोण हाकलणार? मी गेलो असतो तर मला बैठकीच्या पायरीखालूनच बोलावं लागलं असतं. म्हणजे मला माझ्या आईच्या दळणासाठी त्याच्या बापाची जागा हवी होती. ज्या जागेबद्दल मी त्याला झोडलं, तीच जागा. या विचारानं मला जो राग आला तो परशरामवर आला, माझ्यावर नाही. माझ्यावर का यावा?

एकदा तो खडे बाजारात समोरून आला. मला पाहिलं आणि भांड्याच्या दुकानात शिरून एक तांब्या उलटासुलटा करू लागला. मी दुकानासमोर उभा राहिलो. त्यानं तो तांब्या इतका वेळ पाहिला की दुकानदार किंमत कमी करू लागला. मनात म्हणालो, बाहेर ये, दोन शिव्या घाल, म्हण की भीमसेन तू माझा अपमान केलास, मग मी तुला सांगतो अपमान कशाला म्हणतात. पण तो आला नाही. पुढं कळलं की तो शिकवतो त्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत म्हणाला, "भीमसेन आता जातीवर गेला. त्याला माणसं दिसत न्हाईत, जात दिसतीया." वा! आम्ही जातीवर गेलो. म्हणजे आम्ही तिथं नव्हतोच कधी, हिंडत हिंडत परवाच जाऊन पोचलो. ही गोष्ट मी चार जणांना सांगितली आणि चौघेही हसले, आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही. जया म्हणाली, "जावा, एक शब्द बोला त्याच्याशी. माफी नगा मागू, नुसतं काय रं म्हणा." मी गेलो नाही. मी 'काय रं' म्हटलं असतं तर त्याला ती माफीच वाटली असती. आणि त्यानं 'काय रं' म्हटलं असतं तर मला ती मेहरबानी वाटली असती. दोघांच्या मध्ये एक साधा शब्दसुद्धा कोरा राहिला नव्हता.

जत्रेच्या दिवशी मी सकाळच्या बसनं गावात उतरलो. ठरवलं होतं, थाप पडली नाही आणि रथ अडला की माणसं खाली आमच्या वाड्याकडं येतील, तेव्हा आईजवळ आपण असलं पाहिजे. वैशाखाचं ऊन होतं. पाव्हणेरावळे, नारळाची पोती, बत्तासे, डोळ्यांत जाणारी भंडाऱ्याची पूड. मी मान खाली घालून ओढ्याकडं उतरलो. घरात आई भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. आत शिरल्या शिरल्या मला खुंटी दिसली. दाराच्या आतल्या अंगाला, वडील गेल्यापासून जिथं हलगी लटकत होती, तिथं चुन्यावर गोल काळसर डाग होता आणि खुंटी मोकळी होती.

"हलगी कुठं हाय?"

"परशा आलता काल," आई म्हणाली. "घिऊन गेला."

"तू दिलीस?"

"त्यानं मागितली. तूच म्हणालतास न्हवं, तू घे म्हणून? मी म्हटलं, ने बाबा. घरातनं गेली, बरं झालं." तिनं शेंगेचं टरफल पुढ्यात टाकलं. "चक्की बी सुरू झाली सकाळच्याला."

मी उभाच राहिलो. माझं वाक्य त्यानं उचललं होतं. मी ते त्याला टोचायला बोललो होतो, त्यानं ते खांद्यावर अडकवलं होतं. मग वरून आवाज आला. पहिली थाप. भद्द. शेकलीच नव्हती त्यानं, चामडं सैल होतं. दुसरी पडली, तिसरी भलतीकडंच. माझी बोटं आपोआप मांडीवर हलली आणि मी मूठ आवळली. वर क्षणभर शांतता झाली आणि मला वाटलं, आता हसतील. आता कुणीतरी म्हणेल, हे काय मराठ्याच्या पोराचं काम, आणि सगळं उघडं पडेल. पण हसले नाहीत. आधी एक शिट्टी आली, मग आरोळी, मग मारुतीराव पाटलाचा भोंग्यातून आलेला आवाज, चिरका आणि गहिवरलेला, की आज या गावानं एक मोठं मन पाहिलं, उच्चनीच सारं गळून पडलं, आमच्या परशरामनं मान राखला. टाळ्या. रथाची चाकं करकरली. माझ्या बापानं, त्याच्या बापानं, त्याच्याही बापानं वाजवली तेव्हा ते त्यांचं काम होतं. यानं एकदा, आणि तीही वाईट वाजवली, तर मोठं मन! मला इतका संताप आला की मी हसलो. आई म्हणाली, "हसतोस काय? शेंगा फोड."

दुपार कलताना तो आला. दारात त्याची सावली आधी पडली, डोक्यावर भला मोठा केशरी फेटा, कपाळावर भंडारा, खांदे पिवळे. हलगी बरोबर नव्हती, ती देवळातच ठेवून घेतली होती म्हणे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं कातडं काडीनं सोललं होतं आणि ते बोट तो इतरांपासून वेगळं धरून होता. तो उंबऱ्याच्या आत आला, नेहमीच्या जागी, मडक्याजवळ बसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "वाजवली मी." मी एक शेंग फोडली. "तू म्हणालतास तूच घे. घेतली. बा बोलत न्हाय माझ्यासंगं, आई सकाळधरनं रडाय लागलीया. आता तरी झालं न्हवं? आता तरी बोल की रं."

बोलायला माझ्याकडं काय कमी होतं? सकाळपासून बसून मी पोतंभर वाक्यं गोळा केली होती. तू वाजवलीस आणि मोठा झालास, आम्ही वाजवून लहान झालो. तुझं बोट सोललं ते तुला मिरवता येतं. आज तू हलगी उतरवून ठेवलीस की घरी जाशील, तुझी जात तिथं तुझी वाट बघत बसली असेल, आंघोळीचं पाणी काढून. यातलं कुठलंही वाक्य खोटं नव्हतं, आणि कुठलंही टाकलं असतं तर तो परत उठून गेला असता, या खेपेला मात्र हुतात्मा होऊन. त्याच्या तोंडावर ती तयारी मला दिसत होती. तो मार खायला आला होता. मार खाल्ला की हिशेब मिटतो, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं, बहुतेक मीच. मी दात आवळून बसलो. मला त्याला एवढंही द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात आईनं, दारात आलेल्या कुणालाही विचारावं तसं विचारलं, "जेवलास काय रं, परशा?"

"व्हय, मावशी. जेवलो की."

"कुठं?"

"पाटलांच्यात. लई आग्रह केला मारुतीरावांनी. माजघरात, पयल्या पंगतीला, त्यांच्या..."

तो थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. बाहेर ओढ्यापलीकडं ती चिंच दिसत होती, आमच्या दारातून ती नेहमीच दिसते, आणि तो तिकडं बघत होता. माझा बाप तिथं बसायचा हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. आई टरफलं सुपात गोळा करत होती. तिनं हे मुद्दाम विचारलं की सहज, मी पुढं कधी तिला विचारलं नाही. परशरामच्या कपाळावरून घामाचा ओघळ भंडाऱ्यातून खाली आला. त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवला, हातात धरला, इकडंतिकडं पाहिलं. आमच्या घरात एवढी मोठी वस्तू ठेवायला जागा कुठाय? मग उठला आणि दाराशी जाऊन त्या मोकळ्या खुंटीला फेटा अडकवू लागला.

"तिथं नगं, बाबा," आई म्हणाली. "ती खुंटी आत्ता कुठं मोकळी झालीया."

त्याचा हात वरच राहिला. मग तो परत आला, फेटा मांडीवर घेऊन मडक्याजवळ बसला. मला वाटलं, आता जाईल. पायांत चपला घालायला तसा काही वेळ लागत नाही. आईनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं, माझ्या अंगात राग होता तेवढाच होता, आणि मी त्याच्याशी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. चहा आला. त्यानं सोललेल्या बोटानं कप धरला, चटका बसला तरी सोडला नाही, आणि पुरा प्याला.